आबांच्या नावाचा भोंगा

आबा, तुमच्या नावाचा भोंगा बसवलाय नदीच्या घाटावर. लोखंडी खांब, त्यावर चारी दिशांना तोंडं केलेले कर्णे, आणि खाली हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत तुमचं नाव. वरच्या धरणातून पाणी सुटलं की तो वाजणार आणि पात्रात उतरलेल्यांनी वर निघायचं, अशी योजना. गेल्या महिन्यात त्याची चाचणी घेतली तेव्हा काय झालं ते ऐका. भोंगा वाजला आणि अर्धं गाव नदीकडे धावत सुटलं, पाणी बघायला. एक म्हातारी तर हळदीकुंकू आणि नारळ घेऊन निघाली होती म्हणे. त्यांचं तरी काय चुकलं? चैत्र-वैशाखात आपल्याकडे विहिरी तळाला गेलेल्या असतात, नळाला पाणी कधी येईल ते नळालाच माहीत, अशा दिवसांत गिरणेला पाणी येणं म्हणजे लेक माहेरी येण्यासारखं. तिच्यापासून पळायचं कशाला, उलट सामोरं जाऊन ओटी भरायची. सरपंचाने कपाळावर हात मारून घेतला आणि मला धुळ्याला फोन केला. म्हणाला, "ताई, तुम्ही मास्तरीण, त्यात आबांची लेक. आखाजीला या, बटण तुमच्याच हातानं दाबू, आणि बायांना जरा समजावून सांगा. आमचं कोण ऐकतंय?"

मी हुरळून गेले, आबा. फोन ठेवला आणि घरात ज्याला त्याला सांगत सुटले. काय बोलायचं तेही मनाशी जुळवलं. कोरडी नदी पावसाळ्यातल्या नदीपेक्षा जास्त फसवी असते, इथून सुरुवात करणार होते. पावसाळ्यात माणूस तिला वचकून असतो. उन्हाळ्यात मात्र डांगर-कलिंगडाच्या वाड्या पात्रात, म्हशी पात्रात, धुणं पात्रात, पोरांचं क्रिकेटही पात्रातच. वर आभाळ कोरडं ठणठणीत. पाणी येतंय असं सांगायला ना ढग, ना गडगडाट. म्हणून भोंगा वाजला की वर यायचं, पाणी उपसायची मोटार आणि पाइप काढायला खाली धावायचं नाही, फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर घोटाभर दिसलं तरी गाडी घालायची नाही, आणि वाळूवाल्यांनी करून ठेवलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत हे पक्कं ध्यानात ठेवायचं. आणि शेवटी तुमची गोष्ट. अंगात सणसणून ताप असताना अंथरुणातून उठून नदीत उडी घेणाऱ्या पोलीस पाटलाची. ती गोष्ट मी नोकरीभर वर्गात सांगत आले. पोरं निबंधात लिहायची. गावातही ती माझ्याच तोंडून पसरली, कारण तापाची साक्षीदार मी एकटी होते.

माझ्या लग्नानंतरची पहिली आखाजी होती ती. माझी सून नाशिकची, तिला आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमरस आणि सोनं एवढंच ठाऊक. तिला मी सांगितलं की आमच्याकडे हा लेकींचा सण आहे. सासरहून पोरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि दुपारी गौराई बोळवायला नदीवर जातात. तिकडून पलीकडच्या गावच्या बायाही आलेल्या असतात. मग दोन्ही गावं कोरड्या पात्रात मधोमध समोरासमोर उभी राहून एकमेकींना अशा शिव्या हासडतात की ऐकणाऱ्याचे कान लाल व्हावेत. डफ, शिट्ट्या, टाळ्या, हातात माती, कधी खडे. कोणी मनाला लावून घेत नाही. वर्षभर सासरी तोंड शिवून बसलेल्या पोरींना तेवढा एक दिवस तोंड उघडायची मुभा. सून म्हणाली, "आई, तुम्हीसुद्धा?" म्हटलं, मी तर पुढच्या ओळीत असायचे, आणि माझ्या शेजारी जिभाऊंची लेक. आपल्या आणि जिभाऊंच्या घरात एकच भिंत. आम्ही दोघी त्या भिंतीला कान लावून वाढलो. आमची लग्नंही एकाच मांडवाच्या लाकडांवर झाली, आधी तिचं, मग माझं.

तर त्या दुपारी मी नवं लुगडं नेसून तयार आहे, केसांत अबोली आहे, आणि तुम्ही मधल्या घरात घोंगडी अंगावर ओढून पडला आहात. वैशाखात घोंगडी. "कथा जाई ऱ्हायनी वं?" तुम्ही विचारता. मी म्हणते, नदीवर. "जरा बस मनापाशी. अंग तापी ऱ्हायनं." मी चपापते. तुम्ही कधी कुणाला जवळ बस म्हटल्याचं मला आठवत नाही. आई गेली तेव्हाही तुम्ही अंगणात एकटेच बसलात, मला शेजारच्या काकूंनी, जिभाऊंच्या बायकोने, पोटाशी धरलं. मी कपाळाला हात लावते. माझे हात भांडी घासून गार झालेले, त्यामुळे मला तुमचं कपाळ गरमच लागतं. मी पट्टी भिजवून आणते. तेवढ्यात जिभाऊंची लेक दारात येते, हिरव्या बांगड्यांचे हात चौकटीला लावून. "चाल ना वं, उशीर हुई ऱ्हायना. काय व्हयनं आबा?" आणि तुम्ही, आबा, उशीवरून मान न उचलता म्हणता, "काही नही माय. तू जाय. हाई येत नही आज."

ती गेली. जाताना मला जीभ दाखवून गेली.

मग आपण बसलो. तुम्ही बोलत होता, मी ऐकत होते, असं आयुष्यात एकदाच घडलं. आईला बघायला तुम्ही पाचोऱ्याहून चालत गेला होता ते सांगितलंत. मी लहानपणी तुमच्या पोलीस पाटलाच्या काठीला घोडा करून फिरायचे ते सांगितलंत. मला ठाऊकच नव्हतं की ते तुमच्या लक्षात आहे. नदीवरून डफ ऐकू येत होता, मधेच शिव्यांचा आणि हसण्याचा कल्लोळ उठायचा. मी दोनदा उठू पाहिलं, तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात. "पुढला सालले जाय. आज ऱ्हाय." सासरच्यांनी पाठवायला किती कुरकुर केली होती, ते सारं मी विसरले. मनात म्हटलं, गेली आखाजी तर गेली, बाप मिळाला.

मग ओरडा झाला. "पानी उनं! पानी उनं वं माय!" पाणी आलं, ही हाक आपल्या गावात कुणी भिऊन मारत नाही, आबा, तुम्हीही जाणता. ती आनंदाची हाक आहे. नंतर कळलं की नदीतल्या निम्म्या बायांनी ती ऐकली तेव्हा शिव्या थांबवून पदर खोचला आणि पाण्याच्या दिशेनेच पावलं टाकली. गौराईची ताटं हातात होतीच, त्यातच ओटीचं सामान. पहिलं पाणी आपण पुजायचं, की पलीकडच्यांनी, यावरून चढाओढ लागली. वरच्या गावांनी मोटारींसाठी वाळूचा बांध घालून पाणी तुंबवलेलं होतं, तो फुटला आणि सगळं एकदम आलं. कंबरेइतकंच होतं, पण ओढ होती. बहुतेक जणी पडत धडपडत काठाला लागल्या. जिभाऊंची लेक सगळ्यांच्या पुढे होती, आणि पुढे वाळूचा खड्डा होता.

ओरडा ऐकला तसे तुम्ही घोंगडी फेकून उठलात. पायात काही नाही, डोक्यावर टोपी नाही. तुम्ही कासरा घेऊन नदीत उतरलात आणि किती जणींना ओढून काढलंत ते साऱ्या गावाने पाहिलं. ते खोटं नाही, आणि ते मी खोटं ठरवणारही नाही. तिला शोधायलाही तुम्हीच गेलात. ती खालच्या बंधाऱ्याशी सापडली, तुम्ही तिला दोन्ही हातांवर घेऊन घाट चढून आलात आणि जिभाऊंच्या ओट्यावर ठेवलंत. काकूंनी तुमचे पाय धरले. आबा, त्यांनी तुमचे पाय धरले आणि तुम्ही धरू दिलेत.

आता तुमच्या हाताखालच्या कोतवालबाबांचं सांगते. अजून आहेत ते, दिसतं कमी, पण आठवतं सगळं. भाषणात काही चुकायला नको म्हणून मी गेल्या आठवड्यात मुद्दाम त्यांच्याकडे गेले. पाटीवर तुमचं नाव आलंय हे त्यांना सांगितलं, वाटलं खूश होतील. त्यांनी तंबाखूची डबी काढली. मग म्हणाले, "भोंगाले तुना आबानं नाव? हाई काही बरं नही पोरी." मी म्हटलं, का हो बाबा? तेव्हा ते बोलले. "तालुकाथून निरोप लई मीच उनथू. आदल्या दिनले. पानी सोडेल शे, नदीमा कोनी उतरू नका. दवंडी दिऊ का, इचारं मी. तुना आबा म्हने, नको. पलीकडला लोकेस्ले कळनं तं मोटारी टाकतीन, आपली विहीरले थेंब येवाव नही. तोंड बंद ठेव." आणि शेवटी, "मी ठेवं. मना बी दोष शे."

मी तिथून उठले तेव्हा मला धड चपला सापडेनात. एसटीत बसल्यावर आधी मी तुमच्या बाजूनेच भांडले, खोटं कशाला सांगू. म्हटलं, विहीर आटलेली होती, बाया डोक्यावर हंडे घेऊन कुठे कुठे जात होत्या. पलीकडच्यांनी त्याआधी पाणी पळवलेलं होतं. गावचा पाटील म्हणून तुम्हाला गावाच्या विहिरीची काळजी. उन्हाळ्यात सोडलेलं पाणी वाळू पीत पीत रांगत येतं, संध्याकाळ होईल, बाया तोवर घरी आलेल्या असतील, असा तुमचा हिशेब असेल. वरच्या गावांना आधीच सगळं कळलेलं होतं आणि तुम्ही झाकून काही झाकलं जात नव्हतं, हेही तुम्हाला कुठून कळणार. एवढं सगळं मी तुम्हाला माफ करत आणलं होतं. पार धुळ्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत.

आणि मग घोंगडी आठवली. पाणी संध्याकाळी येणार अशी तुमची खात्री असती, आबा, तर तुम्हाला दुपारी ताप आला नसता.

तिथेच मी बाकावर बसले. माणसं येत होती, जात होती, कुणी विचारलं ताई बरं वाटत नाही का, पाणी देऊ का. पाण्याचं नाव काढू नका असं ओरडावंसं वाटलं त्याच्यावर. तुम्हाला ठाऊक होतं. पाणी दिवसाउजेडी येऊ शकतं, बाया पात्रात असताना येऊ शकतं, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तुम्ही माझा हात धरून ठेवला होता. आणि त्याच अंथरुणातून तिला म्हणालात, तू जाय. तुम्ही मला वाचवलंत यासाठी मी तुमची ऋणी असायला हवं ना? मला तर चीड येते. मला न विचारता तुम्ही मला तुमच्या लबाडीत भागीदार केलंत. तुमच्या खोट्या तापाची मी खरी साक्षीदार. मी तिच्या दहाव्याला सांगितलं, तुमच्या दहाव्याला सांगितलं, वर्गावर्गात सांगितलं, आणि तुम्ही जिवंत असेपर्यंत एकदाही म्हणाला नाहीत की पोरी, ती गोष्ट नको सांगत जाऊस. उलट कुणी आलं की माझ्याकडे बघून गप्प बसायचात, आणि मी समजायचे की माझा बाप किती विनयी. तुमच्यासारखा सरळ माणूस मी पाहिला नाही असं मी नवऱ्याला भांडणात तोंडावर ऐकवलंय, आबा, आणि त्यानेही ते मुकाट ऐकून घेतलंय. आता त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

सरपंचाला फोन करून सांगितलं, पाटीवरचं नाव काढा. कारणही सांगितलं. तो गडबडला. "ताई, रंगवून झालीय. आणि गेलेल्या माणसाचं आता कशाला उकरून काढायचं? आबांनी बाया वाचवल्या, गावाला तेवढं पुरे आहे." मी ऐकेना, तेव्हा म्हणाला, "बरं, असं करा. जिच्या घरचं माणूस गेलं तिनं हरकत घेतली तर आजच्या आज पुसतो. विचारा जिभाऊंच्या घरी." त्याला वाटलं मी विचारणार नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

काकू आता एकट्याच असतात. जिभाऊ गेले. भिंतीपलीकडचं आपलं घर तर केव्हाच विकलं गेलं, तिथे आता कुणाचं तरी खतांचं दुकान आहे. मी गेले तेव्हा त्या ओट्यावर कैऱ्या चिरत होत्या. मला बघून नेहमीसारखंच म्हणाल्या, "उनी का माय? तुना आबा देवमानूस व्हतात." दरवर्षी म्हणतात. मी त्यांच्यासमोर बसले, विळीवरची कैरी बाजूला केली आणि सगळं सांगितलं. निरोप, कोतवाल, दवंडी, मोटारी. मग ताप. त्या माझ्याकडे बघत होत्या, डोळ्यांत पाणी नाही की काही नाही. मी आधी वाटेतच ठरवलं होतं की त्यांनी शिव्या दिल्या तर मान खाली घालून ऐकायच्या. आपल्या बायांना शिव्या देता येतात, तुम्हाला माहीतच आहे.

त्या इतकंच म्हणाल्या, "मनी पोर तुमना दारमा उभी व्हती ना? तो ताप दोन्ही पोरीस्ले पुरना असता."

मी रडले, त्यांनीच माझ्या पाठीवर हात फिरवला. आईच्या वेळी फिरवला होता तसाच. मग मी विचारलं, काकू, पाटीवरचं नाव पुसायला सांगू का? त्यांनी पुन्हा कैरी उचलली. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. जित्ता व्हतात तवय बोलनात नही. आते दरसाल बोंबलू दे त्यास्ले."

तेव्हा नाव राहिलं. परवा आखाजी आहे. मी जाणार आहे, बटण दाबणार आहे, आणि बायांना सांगणार आहे की 'पानी उनं' ऐकलं की पाठ फिरवायची आणि घाट चढायचा, ओटी मागाहून भरता येते, नदी रुसत नाही. शिव्या यंदापासून काठावरूनच द्यायच्या, आवाज पोचतो. तुमची गोष्ट सांगणार नाही. निरोप आलेला होता आणि गावाला सांगितला गेला नाही, एवढं मात्र सांगणार आहे, आणि कुणी विचारलं की कोणी लपवला, तर पाटीकडे बोट दाखवणार आहे. सरपंच नाराज होईल. होऊ दे.

हे सगळं तुम्हाला लिहून काय उपयोग, हे मलाही कळतं. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी तुम्ही वाचून गप्पच बसला असता. पण काकूंच्या ओट्यावरून उठताना मी मनाशी म्हटलं होतं की ती दुपार आता आपली नाही, ती टाकून द्यायची. तुम्ही विचारलं होतं, "सासरले पोटभर जेवस ना?" आणि मी हो म्हटलं तर माझ्या तोंडाकडे बघत राहिला होता, खरं सांगतेय का ते बघत. तसं मला त्याआधी कुणी विचारलं नव्हतं आणि नंतरही नाही. टाकायला गेले, आबा, पण टाकवत नाही. ताप खोटा होता हे कळल्यावरसुद्धा ती दुपार मला हवीशीच वाटते, आणि हे मी काकूंना सांगितलेलं नाही.